सुतातला संसार

मराठीत सुयांवर स्वेटर विणतात आणि मागावर लुगडेही विणतात. इंग्रजांनी या दोन कामांना दोन निराळे शब्द दिले. आपण एकावरच भागवले. त्यांपैकी सुयांचे उलट-सुलट टाके आपल्याकडे रुजले ते इंग्रजी अमदानीत, मिशनच्या शाळांतून आणि मडमांच्या हातांतून. पुढे नवऱ्यासाठी लोकरीचा स्वेटर विणणे हे मध्यमवर्गीय पत्नीच्या प्रेमाचे प्रमाणपत्रच होऊन बसले. भंडाऱ्याच्या पौषातल्या थंडीत मीही ते अंगावर मिरवले आहे. पण जोडीदारासाठी स्वहस्ते वस्त्र करणे ही केवळ बायकांचीच रीत, ही समजूत काही इतिहासाला धरून नाही.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, पुण्याच्या आगाखान महालात कस्तुरबा वारल्या. नवरा-बायको दोघेही सरकारचे कैदी होते. बांना अखेरचे नेसवले ते गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचे पातळ. याच नवऱ्याने १९०१ साली दक्षिण आफ्रिका सोडताना बायकोला भेट मिळालेला पन्नास गिनींचा सोन्याचा हार सार्वजनिक निधीत घातला होता. ती रडली, भांडली, सुनांसाठी तरी ठेवा म्हणाली. त्याने ऐकले नाही. साठ वर्षांच्या त्या संसारात सोने गेले आणि सूत आले. हा व्यवहार बांना कितपत मानवला असेल, हे आपण पुरुषांनी परस्पर ठरवू नये.

ही हकीकत सांगताना कातणाऱ्याचे नाव सगळेच घेतात, विणणाऱ्याचे सहसा कोणी घेत नाही. चरख्यावर नुसते सूत निघते. त्याचे पातळ व्हायला ताणा लागतो, खळ लागते, आणि मागावर पाठ मोडून बसणारा माणूस लागतो. कोष्ट्यांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या मला हे खुपते.

आमच्याकडे मोहाडी, आंधळगाव, पवनी ही विणकरांची गावे. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पोसण्याचे काम परंपरेने ढिवरांचे. धागा काढून विणण्याचे कोष्ट्यांचे. कोसा क्षारयुक्त पाण्यात उकळून मऊ करायचा. मग बाईने काही कोशांचे तंतू एकत्र ओढून उघड्या मांडीवर तळहाताने पीळ देत त्यांचा धागा करायचा, आणि पुरुषाने तो मागावर चढवायचा. वर्षानुवर्षांच्या घासण्याने मांडीची कातडी सोलवटते. धागा काढायची यंत्रे आली ती फार उशिरा. करवतीच्या दातांसारख्या काठावरून ज्याला करवतकाठी म्हणतात, ते टसरचे पातळ असे दोघांच्या हातांतून तयार होते, व्यापाऱ्याकडे जाते, आणि कोणाच्या तरी लग्नाच्या बस्त्यात बसते. मी पाहिलेल्या विणकरांच्या घरांत बाईच्या अंगावर सुती लुगडेच असे.