घाणेरी कुठून आली?



फुलपाखरांसाठी कोणते झुडूप लावू, असे विचारले की हमखास घाणेरीचे नाव निघते. रंगीत गुच्छ, जवळजवळ बारमाही फुले. फुलपाखरे येतातही. पण हे झुडूप आपल्याकडचे नव्हे. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली ही वनस्पती १८०९च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली. पुढे ती कुंपणाला लावू लागले, पक्ष्यांनी फळे खाऊन बिया पसरवल्या आणि दोनशे वर्षांत तिने रानेच्या राने व्यापली. तिच्या दाटीत देशी रोपे वाढत नाहीत, पाला गुरांना विषारी.

फुलपाखरू मधावर जगते, त्याची अळी मात्र ठरावीक पानांवरच. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. त्याची अळी लिंबाच्या कुळातली पाने खाते, घाणेरीची नाही.

म्हणून मी मधासाठी एक्झोरा आणि अळ्यांसाठी लिंबू, कढीपत्ता सुचवते. पाने कुरतडलेली दिसली तरी फवारणी नको. फुलपाखराला मध आणि त्याच्याच पिल्लाला विष, ही कसली जीवदया?

अंगणात आधीपासून घाणेरी असेल, तर ती उपटायला माझाही हात धजत नाही. फुले सुकली की फळ धरण्याआधी मी गुच्छ खुडते. निदान आपल्या दारातले बी तरी रानात जायला नको.