विस्मृत हस्तकला-पुस्तकांचा शोध : सुंदर राव यांच्या कागद-घडीविषयक ग्रंथाच्या अनुषंगाने

प्रस्तावना

बालपणी हाताळलेल्या हस्तकलेच्या पुस्तकाची स्मृती बहुधा अपुरी असते. मुखपृष्ठाचा रंग, पुस्तकाचा आकार, एखादी आकृती, कागदाची होडी जमेपर्यंत केलेली खटपट हे सारे आठवते. लेखकाचे नाव, प्रकाशक आणि वर्ष आठवत नाही. बालवाचकाला त्यांची गरजच नसते. ग्रंथालयीन सूची मात्र नेमक्या याच विस्मृत गोष्टींच्या आधारे रचलेली असते. स्मृती आणि सूची यांतील ही विसंगती विस्मृत पुस्तकाच्या शोधातील मूळ अडचण होय. प्रस्तुत निबंधात एका भारतीय ग्रंथाच्या इतिहासाच्या आधारे या अडचणीचा विचार करून मराठी पुस्तकांच्या शोधासाठी उपलब्ध असलेल्या साधनांचा आढावा घेतला आहे.

हस्तकला-पुस्तकांचे अल्पायुष्य

काव्यसंग्रह वा कादंबरी वाचून कपाटात ठेवली जाते. हस्तकलेचे पुस्तक वापरले जाते. त्यावर डिंक सांडतो, नमुने पाने कापून काढले जातात, आकृत्या पेन्सिलीने गिरवल्या जातात. म्हणजेच ज्या प्रतीचा उपयोग अधिक, तिचा नाश लवकर. त्यात अशी पुस्तके प्रायः कमी पानांची, स्वस्त आणि साध्या बांधणीची असल्याने ग्रंथालयांनी त्यांना संग्रहाचा भाग मानण्याऐवजी उपभोग्य शैक्षणिक साहित्य मानले. अभ्यासक्रम बदलला की ती प्रथम बाद होतात.

महाराष्ट्राच्या संदर्भात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने हस्तव्यवसायाला शिक्षणाचा केंद्रबिंदू मानले. सूतकताई व विणकामाबरोबर पुठ्ठाकाम, लाकूडकाम, बागकाम यांचाही त्यात विचार होता. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा आणि १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याचा पुरस्कार केला. धोरणांचे हे दस्तऐवज सहज मिळतात. परंतु वर्गात मुलांच्या हाती प्रत्यक्ष काय पडले, याचा पुरावा त्या लहानशा पुस्तकांतच आहे. ती नाहीशी झाल्यास शिक्षणाचा इतिहास केवळ समित्यांचा इतिहास ठरेल.

सुंदर राव यांच्या ग्रंथाचा प्रवास

टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे इंग्रजी पुस्तक १८९३ मध्ये मद्रास येथे अ‍ॅडिसन आणि कंपनीने प्रसिद्ध केले. या पुस्तकाची कल्पना बालवाडीतील साधनावरून सुचल्याचे ग्रंथकाराने प्रस्तावनेत नमूद केले आहे. फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीतील आठव्या क्रमांकाच्या त्या संचात रंगीत कागदाचे २०० चौरस, घडी घालण्याची पट्टी आणि आकृत्यांसह सूचना असत. मुलांच्या या खेळातून सुंदर राव चौरस, समभुज त्रिकोण, पंचकोन अशा आकृत्यांपासून श्रेढी व शांकव वक्रांपर्यंत पोहोचले.

मद्रासमध्ये छापलेले हे छोटे पुस्तक परदेशी अभ्यासकांना सहज उपलब्ध नव्हते. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक भूमितीवरील आपल्या व्याख्यानांत त्याचा उल्लेख केला. या व्याख्यानांचे इंग्रजी भाषांतर वूस्टर वुड्रफ बेमन आणि डेव्हिड यूजीन स्मिथ या अमेरिकी प्राध्यापकांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केले. क्लाइन यांच्या उल्लेखावरूनच त्यांचे लक्ष सुंदर राव यांच्या पुस्तकाकडे वेधले गेले. प्रत मिळण्यास मनस्ताप देणारा विलंब लागला, असे त्यांनी पुढे आपल्या प्रस्तावनेत लिहिले आहे. पुस्तक पाहिल्यावर मात्र त्यांनी ग्रंथकाराची अनुमती मागितली. ती तत्परतेने मिळाली आणि १९०१ मध्ये शिकागोच्या ओपन कोर्ट या प्रकाशनसंस्थेने अमेरिकी आवृत्ती काढली. तीत मूळच्या ओबडधोबड रेखाकृतींच्या जागी प्रत्यक्ष घडी घातलेल्या कागदांची छायाचित्रे घालण्यात आली. १९६६ मध्ये डोव्हरने तिचे पुनर्मुद्रण केले.

या प्रवासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पुस्तक टिकले ते एका नेमक्या संदर्भामुळे. क्लाइन यांनी ग्रंथकार, शीर्षक, स्थळ, प्रकाशक व वर्ष यांची नोंद केली होती. केवळ मद्रासच्या एका पुस्तकाचा मोघम उल्लेख केला असता तर शोध तेथेच थांबला असता. दुसरी, पुनर्मुद्रणाने पुस्तक वाचते, पण त्याचे रूप पालटते. शीर्षकातील एक शब्द किंचित बदलला, चित्रे बदलली. ग्रंथकाराचे आडनाव इंग्रजी वर्णलेखनात ‘रो’ असे वाचले जाईल अशा रीतीने छापले गेल्याने ‘राव’ या नावाने शोधणाऱ्यास सूचीत ते सापडत नाही. मूळ आवृत्तीतील रेखाकृती ज्याच्या स्मरणात असेल, त्याला छायाचित्रांची आवृत्ती आपली वाटणार नाही. म्हणून शोध शीर्षकाचा न राहता आवृत्तीचा असावा लागतो.

मराठी शोधाची साधने

बहुतेक मराठी हस्तकला-पुस्तकांना असा क्लाइन लाभला नाही. त्यांच्याबाबत विद्वानाच्या संदर्भाची जागा शासकीय नोंदीने भरून काढावी लागते. १८६७ च्या मुद्रणालय व ग्रंथनोंदणी अधिनियमानुसार मुद्रकाने प्रत शासनास द्यायची आणि तिची नोंद त्रैमासिक यादीत प्रसिद्ध व्हायची, अशी व्यवस्था होती. या नोंदीत शीर्षक व लेखकाबरोबर विषय, मुद्रणस्थळ, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या आणि किंमत हीदेखील असे. अपुऱ्या स्मृतीला जे आठवते, म्हणजे पुस्तक केवढे होते, किती जाड होते, स्वस्त होते की महाग, तेच येथे नोंदलेले आढळते. पाळत ठेवण्याच्या हेतूने वसाहतकाळात उभारलेली ही यंत्रणा इतिहासाच्या अभ्यासकाला अशी उपयोगी पडते. २०२३ चा नवा अधिनियम १ मार्च २०२४ पासून अमलात आला आणि १८६७ चा अधिनियम रद्द झाला. नव्या अधिनियमाच्या कक्षेत पुस्तके येत नाहीत. त्यामुळे १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमाचे महत्त्व वाढले आहे. त्यानुसार कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील निश्चित ग्रंथालयांस प्रकाशकाने प्रत पाठवावयाची असते.

दुसरे साधन म्हणजे शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. तिच्या दोन खंडांत १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांची विषयवार नोंद आहे. नाव विसरलेल्या शोधकाला विषयाच्या वाटेने जाता येते, हा अशा वर्गीकृत सूचीचा मोठा लाभ होय.

तिसरे साधन नियतकालिकांचे. स्मृतीतले ‘पुस्तक’ प्रत्यक्षात मासिकाचा बांधीव खंडही असू शकतो. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये सुरू केलेला ‘आनंद’, तसेच बालभारतीचे १९७१ पासूनचे ‘किशोर’ या मासिकांचे अंक म्हणूनच शोधाच्या कक्षेत घेतले पाहिजेत. ‘किशोर’चे जुने अंक आता संगणकीय स्वरूपातही पाहावयास मिळतात.

निष्कर्ष

विस्मृत हस्तकला-पुस्तकाचा शोध हा केवळ स्मरणरंजनाचा विषय नाही. सुंदर राव यांचे उदाहरण दाखविते की बालवाडीच्या खेळातून गंभीर गणित उभे राहू शकते आणि तरीही त्याचे पुस्तक मिळविणे दहा वर्षांच्या आतच दुष्कर होऊ शकते. शोधकाने आठवणीतील आकार, आकृती, साहित्य आणि वापराचा अदमासे काळ प्रथम लिहून काढावा. त्यानंतर नोंदणीयादी, वर्गीकृत सूची आणि मासिके या क्रमाने जावे. सापडलेली प्रत आठवणीतीलच आवृत्ती आहे का, हे चित्रांवरून पडताळावे. महाविद्यालयीन ग्रंथालयांवरही यात एक जबाबदारी येते. जीर्ण हस्तकला-पुस्तके निर्लेखित करण्यापूर्वी त्यांची पृष्ठसंख्या, आकार, प्रकाशक, वर्ष आणि चित्रांचे स्वरूप यांची नोंद करून ठेवल्यास, प्रत गेली तरी मागोवा उरेल. क्लाइन यांनी सुंदर राव यांच्यासाठी जे केले ते याहून अधिक नव्हते.