परभणीहून राजधानीचें अंतर

नकाशावर परभणी व मुंबई हीं शहरें जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. परभणीहून पश्चिमेकडे ओढलेली सरळ रेघ सुमारें २५५ मैलांवर मुंबईस पोंचते. आग्नेयीकडे हैदराबादपर्यंतची रेघ १७० मैलांतच संपते. ताशीं ३०० मैल वेगाच्या विमानास पहिलें अंतर तोडण्यास सुमारें ५१ मिनिटें व दुसरें तोडण्यास ३४ मिनिटें पुरतील. परंतु परभणीकरांचा इतिहास आकाशांतील रेघेनें घडला नाहीं. तो वाट, रूळ व राजसत्ता यांनीं घडला.

पूर्वीं अंतर कोसांत सांगत आणि मुक्कामांत मोजीत. परंपरेप्रमाणें गंगाखेड हें संत जनाबाईंचें जन्मस्थान. तेथून पंढरीस निघालेल्या वारकऱ्यास किती मैल चालावयाचें यापेक्षां रात्रीं कोठें उतरावयाचें, हें ठाऊक असणें अधिक महत्त्वाचें होतें.

इसवी सन १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यांतून जाणारा सिकंदराबाद-मनमाड हा ३८६ मैलांचा लोहमार्ग सुरू झाला आणि मुक्कामांचे तास झाले. पण हा मार्ग मीटर रुंदीचा होता. परभणीचा उतारू सुमारें २०५ मैल बसल्या जागेवरून सिकंदराबादेस जाई. मुंबईचा मार्ग सुमारें ३४० मैलांचा. त्यांत मनमाडास अरुंद रूळ संपत. तेथें उतारूंनीं खालीं उतरावें, कापसाच्या गांठी एका डब्यांतून काढून दुसऱ्या डब्यांत भराव्या, मगच पुढें जावें. रुळांच्या रुंदीनेंच जिल्ह्याचें तोंड हैदराबादेकडे वळविलें होतें.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्राचा भाग झाला. मराठी मुलूख एकत्र आला, ही अनेकांच्या मनींची इच्छा फळास आली. मात्र राजधानी बदलली तरी रूळ बदलले नव्हते. ज्या पक्षकाराला वरिष्ठ न्यायालयासाठीं एका गाडीनें हैदराबादेस जातां येई, त्याला आतां मनमाडास गाडी बदलून मुंबई गांठावी लागे. न्याय आपल्या भाषेच्या राज्यांत आला, पण वाटेनें दूर गेला.

ही अडचण वाहनाच्या वेगानें सुटली नाहीं. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघालें, तेव्हां उच्च शिक्षणासाठीं उस्मानियाकडे पाहण्याचें कारण उरलें नाहीं. १९८१ साली त्याच शहरीं उच्च न्यायालयाचें खंडपीठ बसूं लागलें आणि पक्षकाराची ३४० मैलांची वाट ११० मैलांची झाली. रुळांचें रुंदीकरण १९९० नंतरच्या दशकांत झालें, तेव्हां कोठें मनमाडची उतरंड संपली.

विमानाची गोष्ट याहून वेगळी नाहीं. १९४५ साली निघालेल्या डेक्कन एअरवेजचें ठाणें हैदराबादेस बेगमपेठेंत होतें. परभणीजवळ नांदेडचा नवा विमानतळ २००८ साली झाला. पण तेथून मुंबईस उडावयाचें तर पश्चिमेस जाणाऱ्या परभणीकरास आधीं ३६ मैल पूर्वेस जावें लागतें. तासाभराच्या उड्डाणास हा प्रवास व विमानतळावरील खोळंबा जोडला, म्हणजे खरा हिशेब कळतो.

म्हणून दोन शहरांतील अंतर केवळ मैलांत किंवा मिनिटांत सांगून भागत नाहीं. ज्या कामासाठीं माणूस घर सोडतो, तें काम त्याच्या जवळ आलें कीं अंतर खऱ्या अर्थानें तुटतें.