उतरवलेल्या वाड्याचे खांब

जुना वाडा उतरवला की त्याचे कोरीव खांब दुसऱ्या घराला लागतात. मात्र ते घेणाऱ्याने मोल मोजलेले असते. संगणकीय खेळांतील चित्रांचा असाच पुनर्वापर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत झाला. तेथे मोलाचा प्रश्न कसा सुटला, हे पाहण्यासारखे आहे.

१९९२ साली अमेरिकेतील ‘इड सॉफ्टवेअर’ने ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ हा खेळ तयार केला. हौशी मंडळींनी त्याच्या फायली उकलून आतील चित्रे बदलली. हे पाहून प्रमुख आज्ञावलीकार जॉन कार्मॅक रागावले नाहीत. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’ या खेळात त्यांनी चित्रे, ध्वनी व नकाशे आज्ञावलीपासून वेगळे करून ‘वॅड’ नावाच्या फायलीत ठेवले. नवी चित्रे वेगळ्या फायलीतून वर चढवता येत असल्याने मूळ फाइल अबाधित राही. १९९४ च्या प्रारंभीच ती उकलण्याची साधने रसिकांनी तयार केली. संस्थेची अपेक्षा एवढीच होती की, असे फेरफार विकत घेतलेल्या प्रतीवरच चालावेत. पुढे १९९६ साली ‘फायनल डूम’मध्ये तिने रसिकांनी रचलेले नकाशेच प्रसिद्ध केले.

त्या चित्रांमागचे श्रमही ध्यानात घ्यावयास हवेत. काही राक्षसांच्या प्रत्यक्ष मूर्ती घडवून निरनिराळ्या कोनांतून त्यांची छायाचित्रे घेण्यात आली होती. काही शस्त्रे तर दुकानातील खेळण्यांवरून उतरवली होती. फाइल उकलणाऱ्यास ते चित्र क्षणात मिळते, मूर्तिकाराचे हात मात्र दिसत नाहीत.

डिसेंबर १९९७ मध्ये संस्थेने ‘डूम’ची आज्ञावली सर्वांस खुली केली आणि १९९९ साली तिला मुक्त परवाना दिला. चित्रांवरील हक्क मात्र तिने राखून ठेवला. घर मोकळे झाले, पण भिंती कोऱ्या! या उणिवेतून ‘फ्रीडूम’ हा प्रकल्प उभा राहिला. जगभरच्या स्वयंसेवकांनी एकेक चित्र, एकेक ध्वनी नव्याने घडवला. दुसऱ्या खेळातून उचललेले चित्र कितीही सुंदर असले तरी येथे स्वीकारले जात नाही.

मला या इतिहासातील खरी गोष्ट हीच वाटते. उकलून पाहणे ही विद्या आहे. तिच्यातून एक पिढी शिकली. परंतु शिकलेल्याने केव्हातरी स्वतःचा खांब कोरावा लागतो. ‘फ्रीडूम’च्या कारागिरांनी तो कोरला आणि पुढच्यासाठी विनामूल्य उभा करून ठेवला.