युद्धस्मारकावरच्या सैनिकाची माहिती कशी शोधायची?

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी गावोगावी स्मृतिशिला बसवल्या. गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत, एवढेच आकडे त्यांतल्या अनेकांवर आहेत, नावे नाहीत. साताऱ्याच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ सैनिक गमावले.

नावासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो. आडनाव, पलटण किंवा लष्करी क्रमांक टाका. आडनावाची वेगवेगळी इंग्रजी स्पेलिंग करून पाहा. अनेक नोंदींत नातेवाईक आणि गावही सापडते. पनवेलकरांनी जिल्हा ‘कुलाबा’ असा शोधावा. रायगड हे नाव १९८१ मधले.

याच जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर सापडत नाही. नाव कसिनो स्मारकावर आहे.

इराकमधल्या बसरा स्मारकावर मात्र भारतीय शिपायांची नावे न कोरता फक्त संख्या दिली गेली. त्यामुळे दगडावर नाव नाही म्हणून घरातली आठवण खोटी ठरत नाही.