कान नव्हे, भाषा अडली

आजचा विषय आहे पदवीच्या वर्गातले कर्णबधिर विद्यार्थी आणि विज्ञान संशोधन. ‘ऐकूच येत नाही, तर संशोधन कसं जमणार?’ या प्रश्नाचं उत्तर इतिहासाने केव्हाच दिलंय. हार्वर्डच्या वेधशाळेतल्या हेन्रिएटा लेविट यांना ऐकू फार कमी येई. 1912 साली त्यांनी सेफीड ताऱ्यांचा जो नियम मांडला, त्यावरून पुढे दूरच्या दीर्घिकांची अंतरं मोजली गेली. त्यांच्या सहकारी ॲनी कॅनन याही कर्णबधिर. त्यांनी लाखो ताऱ्यांचं वर्गीकरण केलं.

मग अडलं कुठे? भाषेत. 1880 साली इटलीत मिलानला शिक्षकांची परिषद भरली आणि तिने ठरवलं, की बहिऱ्या मुलांना बोलूनच शिकवायचं, खुणा नकोत. त्याच दशकात मुंबईत माझगावला देशातली पहिली मूकबधिरांची शाळा निघाली. पुढे शाळा वाढल्या, पण मिलानचा पगडा शतकभर टिकला.

खुणांची भाषा ही खरीखुरी भाषा आहे, हे दाखवायलाही संशोधनच लागलं. 1970 च्या दशकात मदन वशिष्ठ आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी मुंबईसह चार शहरांतल्या खुणा अभ्यासल्या. वशिष्ठ स्वतः कर्णबधिर. म्हणजे बघा, ज्याच्यावर अभ्यास व्हायचा, तोच अभ्यासक झाला! 2001 मध्ये वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत सांकेतिक भाषेचा कक्ष सुरू झाला, 2015 मध्ये दिल्लीत स्वतंत्र केंद्र आलं, आणि 2021 पर्यंत त्याच्या कोशात 10,000 शब्द जमले.

2016 च्या कायद्याने सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान 5 टक्के जागा दिल्या. पण प्रवेश मिळाला म्हणजे प्रयोगशाळा मिळाली, असं नाही. तिथलं शिकणं बोलता बोलता होतं. सर पिपेट धरून, मान खाली घालून समजावतात. मुलीने हाताकडे बघायचं की ओठांकडे?

मानसरोवरहून हार्बरची गाडी धरली की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे 2004 पासून पदवीच्या मुलांना संशोधनाची ओळख करून देणारा उपक्रम चालतो. अशा ठिकाणी ही मुलगी पोहोचली, तर काय लागेल? आधी दाखवा, मग थांबून सांगा. बैठकीत एका वेळी एकानेच बोला. दुभाष्याला संज्ञांची यादी आदल्या दिवशी द्या. आणि एखाद्या संज्ञेला खूणच नसेल, तर ती त्या मुलीला आणि तिच्यासारख्यांनाच ठरवू द्या. कारण तेही संशोधनच आहे.