जुन्या बुलेटचे खरे सुटे भाग कसे ओळखावेत

पडवीत वीस-पंचवीस पावसाळे काढलेली जुनी बुलेट पुन्हा रस्त्यावर आणू पाहणाऱ्याला सुटे भाग मिळत नाहीत, अशी तक्रार सहसा करावी लागत नाही. अडचण नेमकी उलट असते. भाग भरपूर मिळतात, बहुतेक बसतातही. पण ते त्या गाडीचे नसतात.

याचे मूळ या गाडीच्या दीर्घायुष्यात आहे. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फील्डच्या आराखड्यावरून मद्रासच्या एन्फील्ड इंडियाने 1955 पासून 350 सीसी बुलेटची जुळणी सुरू केली आणि 1962 पासून संपूर्ण गाडी येथेच बनू लागली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला. मद्रासचे बिडाच्या सिलिंडरचे इंजिन मात्र या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत त्याच मापात, म्हणजे 70 मिलिमीटर बोअर आणि 90 मिलिमीटर स्ट्रोक, निघत राहिले. बाहेरून गाडी बदलली नाही असे वाटत असताना आतून ती हळूहळू बदलत होती. 6 व्होल्टची वीजव्यवस्था 12 व्होल्टची झाली, अमल मोनोब्लॉक कार्ब्युरेटरच्या जागी मिककार्ब आला, पुढचा ब्रेक मोठा झाला, इंडिकेटर लागले आणि अखेर उजव्या पायाचा गिअर डावीकडे गेला. त्यामुळे 1995 चा भाग 1965 च्या गाडीवर चढतो, आणि फसगत तेथेच होते.

ओळखीची सुरुवात दुकानात नव्हे, गाडीपाशी करावी. हँडलच्या मानेवरील चासी नंबर आणि क्रँककेसवरील इंजिन नंबर घासून स्वच्छ करून आरसी बुकाशी ताडून पाहावेत. त्यावरून वर्ष निश्चित झाले की त्या काळची कारखान्याची सुट्या भागांची पुस्तिका मिळवावी. भागाचा क्रमांक तिच्यातून घ्यावा, मेकॅनिकच्या आठवणीतून नव्हे. मूळ रंग टाकीच्या खालच्या बाजूला किंवा बॅटरीच्या पेटीमागे टिकून असतो. पाण्याच्या पॉलिश पेपरने थर हलके उतरवत गेल्यास गाडीची हकीकतच उलगडते. गोव्यात तर पुढच्या मडगार्डवर मध्येच पिवळा थर लागला, तर ती कधीकाळी पायलटाची गाडी असल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

गंजलेला, तुटलेला एकही भाग नवा हाती येईपर्यंत टाकू नये. नव्या भागाचे माप घ्यायला तोच नमुना असतो. भंगारवाल्याला आधी विकून नंतर त्याच्याकडेच शोधत जाण्याची वेळ अनेकांवर येते.

सर्वाधिक नुकसान मात्र किरकोळ वाटणाऱ्या बोल्टांमुळे होते. जुन्या बुलेटचे आटे इंची पद्धतीचे आहेत. पाव इंची बोल्टाची जाडी 6.35 मिलिमीटर, तर बाजारात सहज मिळणाऱ्या मेट्रिक बोल्टाची 6. पाव इंची बारीक आट्यात इंचाला 26 आटे असतात आणि 6 मिलिमीटरच्या बोल्टाला सुमारे 25. म्हणून तो आत जातो, बसल्यासारखाही वाटतो. पण पाना जोराने आवळताच अॅल्युमिनिअममधील आटे मरतात. 8 मिलिमीटरचा बोल्ट 5/16 इंची छिद्रात दोन-तीन फेऱ्यांनंतर अडकतो, आणि तेथे थांबण्याऐवजी जोर लावला तर क्रँककेस बिघडतो. शंभर-दोनशे रुपयांचा थ्रेड गेज आणि एक व्हर्निअर कॅलिपर एवढ्याने हे टळते.

पिस्टनच्या माथ्यावर 20 किंवा 40 असा आकडा कोरलेला आढळल्यास सिलिंडर तितक्या हजारांश इंचांनी आधीच वाढवलेला आहे, असे समजावे. बोअर मोजल्याशिवाय नवा पिस्टन मागवू नये. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला मुळात तरंगते बुश असते. आज तेथे रोलर बेअरिंग बसवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. रोजच्या वापराला तो वाईट नाही, परंतु तो मूळ भाग नव्हे, हे ठाऊक असलेले बरे.

हा भेद आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेल्या दुचाकीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. तिच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे चालते. अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. अट एवढीच की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी वा इंजिनात मोठा फेरबदल केलेला चालत नाही. त्यामुळे क्रँककेस तडकला असेल, तर दुसरा शोधण्याआधी जाणकार वेल्डरकडून मूळचाच सांधता येतो का, हे पाहावे. दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवल्यास त्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते, आणि कोऱ्या क्रँककेसवर जुना नंबर ठोकून घेणे हा सरळ गुन्हा आहे.